कर्तव्यनिष्ठ वैमानिक आर्थर ॲरन

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांच्या पराक्रमामुळे व्हिक्टोरिया क्रॉस हा सन्मान मराठी माणसाला परिचित आहे. दुसऱ्या महायुद्धात याच सन्मानाचा मानकरी ठरलेला आर्थर लुई ॲरन हा इंग्लंडमधील लीड्स शहराचा सुपुत्र. त्याचा जन्म ५ मार्च १९२२ रोजी झाला. राउंडहे विद्यालयातील शिक्षणानंतर तो वास्तुशास्त्राचा अभ्यास करू लागला. इमारतींचे आराखडे रेखाटण्याचे ते दिवस; परंतु युद्धाने त्याला १९४१ मध्ये हवाई दलात आणले. अमेरिकेतील टेक्सास येथे प्रशिक्षण घेऊन तो २१८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये बाँबफेकी विमानाचा वैमानिक झाला.

१२ ऑगस्ट १९४३ च्या रात्री त्याचे स्टर्लिंग विमान इटलीतील तुरिन शहरावरील हल्ल्यासाठी निघाले. विमानात एकूण सात जण होते. लक्ष्याजवळ पोहोचताच विमानावर गोळ्यांचा वर्षाव झाला. नॅव्हिगेटर ठार झाला. तीन इंजिनांना मार बसला. ॲरनचा जबडा फुटला, फुप्फुसाला जखम झाली आणि उजवा हात निकामी झाला. सन्मानपत्रात या गोळ्या शत्रूच्या लढाऊ विमानाच्या असल्याचे नमूद आहे. त्या स्वपक्षाच्याच दुसऱ्या स्टर्लिंगमधून आल्या असाव्यात, असे पुढे मानले जाऊ लागले.

वाचा गेलेल्या ॲरनने खुणेनेच बाँबचा नेम धरणाऱ्या ॲलन लार्डन या कॅनेडियन सहकाऱ्यास विमान हाती घेण्यास सांगितले. एक इंजिन बंद पडलेले ते विमान दक्षिणेकडे, आफ्रिकेच्या दिशेने वळवण्यात आले. मॉर्फियाने थोडा आराम पडताच ॲरनने पुन्हा वैमानिकाच्या आसनावर बसण्याचा आग्रह धरला. दोनदा त्याने विमान सांभाळण्याचा प्रयत्न केला. शरीराने साथ दिली नाही. मग तो डाव्या हाताने सूचना लिहून देऊ लागला.

तुरिन सोडून पाच तास झाले. इंधन संपत आले असतानाच अल्जीरियातील बोन येथील धावपट्टीचे दिवे दिसले. अंधारात, चाके न उघडता, विमान पोटावर उतरवायचे होते, आणि तेही लार्डनला. ॲरनच्या मार्गदर्शनाखाली चार प्रयत्न फसले. पाचव्या वेळी तो इतका खचला होता की सहकाऱ्यांना त्याला आवरून धरावे लागले. लार्डनने विमान उतरवले. विमानातील इतर पाचही सहकारी वाचले. ॲरन मात्र नऊ तासांनी मृत्यू पावला. त्याला वयाची बाविशी पाहता आली नाही.

स्वस्थ पडून राहिला असता तर तो बहुधा वाचला असता, असा निर्वाळा सन्मानपत्रानेच दिला आहे. विमान त्याने स्वतः उतरवले नाही, हेही खरे. लार्डनच्या धैर्याचे श्रेय लार्डनचेच आहे. तथापि, नायकत्व केवळ हाताच्या कौशल्यात नसते. आपल्यावर सोपवलेली माणसे सुखरूप पोहोचेपर्यंत आपली जबाबदारी संपत नाही, ही जाणीव त्याने प्राणांपेक्षा मोलाची मानली.

बोन म्हणजे आजचे अन्नाबा. तेथील युद्धस्मशानभूमीत तो चिरनिद्रा घेत आहे. लीड्सवासीयांनी २००१ मध्ये त्याचा पुतळा उभारून आपल्या या सुपुत्राचे ऋण मान्य केले.