आठ दिवसांत निम्मे होणारे औषध

थायरॉईडच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांना किरणोत्सारी आयोडीनचा डोस द्यावा लागतो. कडेगावसारख्या गावातून त्यासाठी मुंबई गाठणाऱ्या रुग्णाला हे औषध देशातच मिळते, याचे मोठे श्रेय डॉ. होमी भाभा यांना जाते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. १९२७ मध्ये केंब्रिजला गेलेल्या होमींनी इंजिनिअरिंग पूर्ण केले, पण मन भौतिकशास्त्रात रमले. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले, महायुद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचे होते, बांधणी भारतीय इंजिनिअरांची.

आयोडीनच्या प्रत्येक अणूच्या केंद्रात ५३ प्रोटॉन असतात. मिठातल्या साध्या आयोडीनमध्ये त्यांच्या जोडीला ७४ न्यूट्रॉन असतात, बेरीज १२७. न्यूट्रॉन ७८ असले की ते होते आयोडीन-१३१. प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे, अशा अणूंना समस्थानिके म्हणतात. रासायनिक गुणधर्म सारखेच असल्याने थायरॉईडच्या पेशी दोन्ही आयोडीन सारखेच शोषतात. मात्र आयोडीन-१३१चे केंद्र अस्थिर असते. त्यातून निघणारे बीटा किरण त्या पेशी आतूनच नष्ट करतात.

अडचण एकच. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होते. कपाटात साठा करून ठेवता येत नाही आणि परदेशातून यायला आठवडा लागला, तर जवळपास निम्मे वाटेतच संपते. म्हणूनच देशात स्वतःची अणुभट्टी असणे रुग्णांसाठी मोलाचे ठरले. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि समस्थानिके थेट रुग्णांच्या उपयोगी पडू लागली.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात भाभांचा मृत्यू झाला. वय अवघे ५६. पुढच्याच वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

डोस घेतलेल्या रुग्णाने काही दिवस लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून दूर राहायचे असते. मुदत डॉक्टर सांगतात. त्यानंतर घाबरण्याचे कारण नाही. शरीरातले हे आयोडीन रोज कमीच होत जाते.