औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी : वस्तूंची आणि माणसांची पारख असलेला राजा

माळ्यावर सापडलेला जुना कंदील, आजीच्या हातची लोणच्याची बरणी किंवा देवघरातले रंग उडालेले चित्र हाती आले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो किमतीचा. खरे तर हा प्रश्न शेवटी यायला हवा. वस्तू कोणी केली, कुठे केली, कशासाठी केली, ती अस्सल आहे की नक्कल, हे आधी पाहावे लागते. या क्रमाने वस्तूंकडे पाहणारा एक राजा सातारा जिल्ह्यातल्या औंधमध्ये होऊन गेला. त्यांचे नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणून ओळखत. त्यांनी उभे केलेले श्री भवानी वस्तुसंग्रहालय औंधला आजही पाहता येते.

लहान संस्थान, शिकलेला राजपुत्र

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. सातारा आणि पुणे येथे शिक्षण घेऊन ते मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. त्या काळच्या संस्थानिकांत पदवीधर फार थोडे असत. शिक्षणानंतर काही वर्षे त्यांनी वडिलांच्या हाताखाली संस्थानाचा कारभार पाहिला आणि १९०९ मध्ये ते गादीवर आले.

औंध संस्थान होते बहात्तर गावांचे. ती गावेही सलग नव्हती. काही आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडीचा भाग आजच्या सांगली जिल्ह्यात, तर काही गावे विजापूरकडे. बराचसा मुलूख कमी पावसाचा, त्यामुळे तिजोरी बेताचीच. बाळासाहेबांनी जे काही केले, ते या मर्यादेत केले.

त्यांना स्वतःला चित्रकलेची आवड होती आणि हातात ब्रशही होता. रामायणावरची त्यांची चित्रे १९१६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ते कीर्तन करत. सूर्यनमस्कारांचा प्रसार हे तर त्यांचे आयुष्यभराचे काम झाले. आज घराघरांत आणि शाळांत सूर्यनमस्कार घातले जातात, त्यामागे त्यांच्या पुस्तकांचा आणि औंधच्या शाळांतल्या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर हे दोघेही काही काळ औंधच्या शाळेत शिकले.

माळरानावर दिलेली जागा

पारख म्हणजे इतरांना क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचे मोल ओळखणे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते.

बेळगावात किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, पण लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात. त्यातच १९१० च्या सुमारास त्यांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंधला यमाई देवीच्या देवळाच्या बांधकामाचे काम त्यांच्याकडे होते. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे.

कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचेचा कारखाना काढला, त्यालाही औंध संस्थानाचा आधार मिळाला. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रातल्या हजारो घरांत पोचला. वीज येईपर्यंत कित्येक मुलांचा अभ्यास याच कंदिलाच्या उजेडात झाला. जुन्या वस्तू जमवणारे आज ज्या कंदिलाच्या शोधात असतात, तो मुळात रोजच्या वापराची स्वदेशी वस्तू म्हणून घडवलेला होता.

विद्वानांच्या बाबतीतही हेच घडले. पंडित सातवळेकर औंधला आले आणि वेदांच्या प्रकाशनाचे मोठे काम त्यांनी तिथून केले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचे ठरवले, तेव्हा बाळासाहेबांनी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी, पूर्ण झाले.

अस्सलही आणि नक्कलही

श्री भवानी वस्तुसंग्रहालय १९३८ मध्ये, मूळपीठ यमाईच्या डोंगरावर उभे राहिले. राजा रविवर्मा यांची तैलचित्रे, धुरंधरांसारख्या महाराष्ट्रातल्या चित्रकारांची कामे, बंगाल शैलीतली चित्रे, पहाडी आणि इतर शैलींतली लघुचित्रे, हस्तिदंत व चंदनातले कोरीवकाम अशी इथल्या संग्रहाची व्याप्ती आहे. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे आई आणि मुलाचे एक शिल्पही इथे आहे. मूर यांची कीर्ती जगभर पसरली ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर.

या संग्रहात युरोपातल्या नामवंत चित्रांच्या नकलाही आहेत. बाजाराच्या हिशेबाने नक्कल म्हणजे कमी प्रतीचा माल. बाळासाहेबांचा हिशेब वेगळा होता. सातारा-सांगलीकडचा विद्यार्थी इटलीला जाऊन मूळ चित्र पाहू शकत नव्हता. त्याला ते निदान चांगल्या नकलेतून पाहता यावे, म्हणून ती ठेवायची. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेण्यासाठी ते चित्रकारांना घेऊन गेले आणि त्या लेण्यांवर त्यांनी पुस्तकही लिहिले.

नक्कल ही नक्कल म्हणून ठेवली तर तिच्यातून शिकता येते. तीच अस्सल म्हणून विकली तर ती फसवणूक ठरते. वस्तू तीच असते, तिच्याविषयी काय सांगितले जाते यावर सारे अवलंबून असते.

घरातली जुनी वस्तू कशी ओळखावी?

ही दृष्टी घरच्या वस्तूंनाही लावता येते.

*चित्र की छापील प्रत?* जुन्या घरांत ‘रविवर्म्याचे चित्र’ म्हणून जे असते, ते बहुधा शिळाछापाचे छापील चित्र असते. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. भिंगातून पाहिले तर छापील चित्रात रंगाचे बारीक ठिपके दिसतात, तैलचित्रात ब्रशचे फटकारे आणि रंगाची जाडी दिसते. खालच्या कडेला छापखान्याचे नाव असेल तर ते छापील चित्रच. अशा छापील चित्रांनाही आज मागणी आहे, पण त्यांची किंमत आणि मूळ तैलचित्राची किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

*पत्ता काय सांगतो?* कंदील, डबा, बाटली, लेबल यांवर छापलेला पत्ता काळ ओळखायला फार उपयोगी पडतो. औंध संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणून पत्त्यात ‘औंध संस्थान’ असेल तर ती छपाई बहुधा त्याआधीची. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा ‘जि. दक्षिण सातारा’ असा पत्ता असलेली वस्तू साधारण त्या अकरा वर्षांतली समजावी. मात्र जुनी लेबले संपेपर्यंत कारखाने ती वापरत, हेही लक्षात ठेवावे.

*किंमत आण्यांत की नव्या पैशांत?* दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. छापील किंमत आण्यांत असेल तर वस्तू बहुतेक त्याआधीची.

*बरणी कशी पाहावी?* लोणच्याची जुनी बरणी जड असते, तिला काचेसारखी झिलई असते आणि आतला खार बाहेर पाझरत नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारली तर चांगली बरणी खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. तळाशी किंवा अंगावर कारखान्याचा शिक्का आहे का ते पाहावे. झाकण मूळचेच असेल तर तिचे मोल वाढते. तडा लपवण्यासाठी वरून रंग दिला असेल तर ते घटते.

*घासू नये.* सर्वात जास्त नुकसान होते ते उत्साहाच्या भरात. चिंच लावून चकचकीत केलेली जुनी मूर्ती, नवा रंग दिलेला कंदील किंवा ओल्या फडक्याने पुसलेले चित्र पुन्हा पूर्वीसारखे होत नाही.

*कायदा काय म्हणतो?* १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. जुनी शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि पुरावस्तू खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. रविवर्मा यांची मूळ चित्रे राष्ट्रीय कलानिधी मानली जातात, त्यांनाही ही बंदी लागू आहे.

सत्तेचे मोल

दुष्काळी मुलखातल्या छोट्या संस्थानिकाने चित्रांवर पैसा का घालावा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर संग्रहालय ज्या काळात उभे राहिले त्याच काळातल्या दुसऱ्या एका घटनेत सापडते. १९३८ च्या नोव्हेंबरात बाळासाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. या कामात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा मोठा हात होता. गावपंचायतींना अधिकार मिळाले, राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा आली.

याच प्रयोगातून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. कुंपणाच्या भिंतीशिवाय कैदी तिथे शेती करत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागची प्रेरणा ही वसाहत होती.

वाड्यातल्या वस्तू प्रजेला पाहता येतील अशा जागी नेणे आणि वाड्यातली सत्ता प्रजेकडे देणे, ही दोन्ही कामे एकाच विचाराची होती. वस्तू कुलपात राहिली तर तिची फक्त किंमत उरते, चार लोकांनी पाहिली तर ती काहीतरी शिकवते.

१३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले. संग्रहालय आज राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. माळ्यावरची वस्तू विकण्याआधी तिथे एक चक्कर मारावी. अस्सल तैलचित्र आणि उत्तम नक्कल यांतला फरक डोळ्यांनी पाहिला, की घरातल्या चित्राकडे नव्याने पाहता येते. आणि किंमत सांगणारा व्यापारी समोर आला, तर त्याला काय विचारायचे हेही कळते.