कॉम्प्युटरमध्ये खरोखरचा किडा सापडला होता, पण ग्रेस हॉपर यांचं खरं काम त्याहून मोठं आहे

रात्रीचे दोन वाजलेत. प्रोग्राम चालत नाहीये. स्क्रीनवर लाल अक्षरांत चाळीस ओळी आल्यात आणि नेमकं काय चुकलंय ते त्यातली एकही ओळ धड सांगत नाहीये. कोडिंग करणाऱ्या प्रत्येकाने हा वैताग भोगलाय.

पण एक काळ असा होता की कॉम्प्युटर एवढंही बोलत नव्हता. तो नुसता थांबायचा, नाहीतर गुपचूप चुकीचं उत्तर द्यायचा. त्या काळात चुका शोधत बसलेल्या बाई म्हणजे ग्रेस हॉपर.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांच्या असताना गजर वाजतो कसा हे बघायला त्यांनी घरातली सात घड्याळं खोलून ठेवली. शेवटी आईने त्यांना एकाच घड्याळाची परवानगी दिली. पुढे वासर कॉलेजात शिकवत असतानाच १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांना नौदलात जायचं होतं, पण वय जास्त आणि वजन कमी. खास सवलत मिळवून त्या १९४३ च्या शेवटी भरती झाल्याच. १९४४ मध्ये त्यांना हार्वर्डला पाठवलं. तिथे ५१ फूट लांबीचं मार्क वन हे मशीन होतं. कागदी पट्टीवर भोकं पाडून त्याला सूचना द्याव्या लागायच्या. एक भोक चुकलं की सगळं गणित चुकलं, आणि कुठलं भोक चुकलं हे माणसानेच शोधायचं.

मग आला तो प्रसिद्ध किस्सा. ९ सप्टेंबर १९४७. मार्क टू बंद पडलं आणि शोधल्यावर एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. ऑपरेटर्सनी तो किडा नोंदवहीत चिकटवला. ती वही आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. मात्र 'बग' हा शब्द काही तिथे जन्मला नाही. एडिसन तो १८७८ मध्येच वापरत होता. किडाही हॉपर यांना सापडला नव्हता. त्यांनी फक्त हा किस्सा आयुष्यभर रंगवून सांगितला.

त्यांचं खरं काम पुढचं. तेव्हाचे प्रोग्रामर जुन्या कोडचे तुकडे वहीतून हाताने उतरवून घ्यायचे. त्यात 'बी' अक्षराचं १३ व्हायचं आणि सगळा प्रोग्राम गंडायचा. हॉपर यांनी विचार केला की माणूस उतरवताना चुकतो, तर ते काम मशीननेच का करू नये? १९५२ मध्ये त्यांनी ए-झिरो हा कंपायलर बनवला. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम कसा लिहील, असं म्हणत लोकांनी सुरुवातीला विश्वासच ठेवला नाही.

त्या थांबल्या नाहीत. इंग्रजी शब्दांत सूचना देता येतील अशी फ्लो-मॅटिक भाषा त्यांच्या टीमने आणली. १९५९ पासून आकाराला आलेल्या कोबोलवर तिचा मोठा प्रभाव होता.

याचा तुमच्या लाल ओळींशी काय संबंध? कंपायलर माणसाने लिहिलेला मजकूर वाचतो, म्हणून कितव्या ओळीत अडलं हे तो सांगू शकतो. पण चालतो तो प्रोग्राम मशीनच्या भाषेत. तिथे बिघडलं की माणसाच्या ओळीपर्यंत परत यायला वाट लागते. स्टॅक ट्रेस म्हणजे तीच वाट.

१९६६ मध्ये निवृत्त केलेल्या हॉपर यांना नौदलाने पुढच्याच वर्षी परत बोलावलं. अखेर १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.

माणसाने मशीनची भाषा शिकण्यापेक्षा मशीनने माणसाची भाषा बोलावी, यासाठी त्या आयुष्यभर भांडल्या. न कळणारा एरर मेसेजही शेवटी कुठल्या तरी माणसानेच लिहिलेला असतो. उद्या तो लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर रात्री दोन वाजता तो वाचणारा माणूस आठवा.