आधी मोजून बघा, मग सांगा : लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांची गोष्ट

लोणावळा : बीपी, शुगर, पित्त, दमा, कंबरदुखी. मावळातल्या कोणत्याही गावात पारावर चार माणसं बसली की यातला एखादा आजार निघतोच. मग कुणी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवतं, कुणी म्हणतं गोळ्या बंद कर आणि प्राणायाम सुरू कर. पण योगाने शरीरात नेमकं काय होतं, हे यंत्र लावून तपासणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यात, लोणावळ्यात येऊन राहिला होता. त्यांचं नाव स्वामी कुवलयानंद. कैवल्यधाम ही संस्था त्यांनीच काढली.

गरिबीतलं शिक्षण, तालमीतलं शरीर

स्वामींचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोद्याजवळच्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची, शिक्षण लोकांच्या मदतीवर चाललेलं. पोरगा मात्र हुशार. १९०३ मध्ये मॅट्रिकला संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली.

१९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी शरीर कमावलं. टिळक आणि अरविंद घोष यांच्या विचारांचा तो काळ. लग्न करायचं नाही, आयुष्य लोकांच्या कामी लावायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढे ते खानदेशात अमळनेरला शिक्षणाच्या कामात पडले आणि १९१६ मध्ये तिथल्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले.

१९१९ मध्ये नर्मदेकाठी मालसरला त्यांना परमहंस माधवदासजी हे गुरू भेटले. योगाची खरी शिकवण तिथे मिळाली. दुसरा कुणी असता तर गुरूने सांगितलं ते डोळे मिटून मानलं असतं. गुण्यांनी मानलं, पण तपासायचंही ठरवलं.

दवाखान्यात नेलेला योग

१९२०-२१ च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि उड्डियान, नौली करताना पोटात काय हलतं ते एक्स-रेखाली पाहिलं. त्या काळात ही फार वेगळी गोष्ट होती. साधू लोक दवाखान्याकडे फिरकत नसत आणि डॉक्टर योगाला जादूटोण्यात काढत.

नौली करताना आतड्यात पाणी आपोआप वर कसं चढतं, याची जुनी उत्तरं पुष्कळ होती. स्वामींनी आतला दाब मोजला. नौली करताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्यामुळे पाणी ओढलं जातं, असं दिसलं. हा शोध त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला नाही. त्या पोकळीला गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघालं. रक्तदाब, श्वास, एक्स-रे यांचे प्रयोग त्यात छापून येऊ लागले.

प्राणायाम केला की शरीरात जास्त प्राणवायू जातो, असं आजही सर्रास सांगतात. स्वामींनी मोजलं तर तसं आढळलं नाही. प्राणायामाचा मोठेपणा प्राणवायूत नाही, तो मज्जासंस्थेला वळण लावण्यात आहे, असं त्यांनी मांडलं. स्वतः योगी असूनही लोकांना आवडणारी समजूत त्यांनी खोडून काढली.

गांधीजींचं दुखणं

मार्च १९२७. खादीच्या दौऱ्यावर असलेल्या गांधीजींची निपाणीला तब्येत ढासळली. रक्तदाब फार वाढलेला. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आधी सावंतवाडीकडच्या आंबोलीला, मग म्हैसूरकडच्या नंदी डोंगरावर त्यांना ठेवलं. दिवसाचे अठरा तास काम करणाऱ्या माणसाला नुसतं पडून राहणं म्हणजे शिक्षाच.

त्या दुखण्यात गांधीजी आणि कुवलयानंद यांचा पत्रव्यवहार झाला. आसनांबद्दल सल्ला लोणावळ्याहून जायचा आणि शरीराला काय मानवलं, काय नाही हे गांधीजी कळवायचे. तिकडे डॉक्टर आणि रक्तदाबाचं यंत्रही होतंच. योग सुरू केला म्हणून डॉक्टर सोडला असं झालं नाही. आजच्या बीपीच्या पेशंटने त्यांच्याकडून घ्यायचं ते हेच.

आजाऱ्यांसाठी दारं उघडली

योग फक्त धडधाकट माणसांसाठी नाही, जुन्या दुखण्याने बेजार झालेल्यालाही त्याचा आधार मिळाला पाहिजे, ही स्वामींची धडपड होती. १९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझला शाखा निघाली आणि १९३६ मध्ये ती चौपाटीजवळ गेली. १९५१ मध्ये लोणावळ्यात गोरधनदास सेक्सरिया यांच्या नावाने योगाचं कॉलेज सुरू झालं. शिक्षक नीट शिकलेला नसेल तर रोग्याचं नुकसान होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९६१ मध्ये तिथेच योगिक रुग्णालय उघडलं. लांबत चाललेल्या दुखण्यांसाठी योगाने उपचार करायचे, हा त्याचा हेतू.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी गेले. त्यांचं कैवल्यधाम आजही लोणावळ्यात सुरू आहे.

आपल्यासाठी काय?

शेतात खत टाकण्याआधी आपण माती तपासून घेतो. स्वामींनी शरीराबाबत तेच केलं. बीपी असेल तर ते मोजा, वहीत लिहून ठेवा. शुगरचं तसंच. आसनं शिकायची तर जाणकाराच्या समोर बसून शिका, व्हिडिओ पाहून उलटं उभं राहू नका. बीपी, डोळ्यांचा त्रास, हर्निया किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरला विचारा. नौली, बस्तीसारख्या क्रिया घरी करून बघायच्या नसतात. गोळ्या कमी करायच्या की बंद, ते आकडे बघून डॉक्टर ठरवेल, पारावरची मंडळी नाही.

आणि आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडूनही देऊ नका. भाताचं रोप लावलं की लोंबी यायला महिने लागतात, हे मावळातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.