मोआसिर बार्बोसा : एका गोलची आजन्म शिक्षा

ब्राझीलच्या श्रेष्ठ गोलरक्षकांमध्ये मोआसिर बार्बोसा यांची गणना होते. मात्र त्यांनी अडवलेले असंख्य फटके विस्मरणात गेले आणि न अडवता आलेला एकच फटका जन्मभर त्यांच्या नावाशी जोडला गेला.

साओ पावलो राज्यातील कांपिनास येथे २७ मार्च १९२१ रोजी बार्बोसा यांचा जन्म झाला. १९४५ मध्ये ते रिओ द जानेरोच्या वास्को द गामा संघात दाखल झाले. या संघाकडून त्यांनी रिओची अजिंक्यपद स्पर्धा सहा वेळा जिंकली. १९४८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांच्या स्पर्धेत वास्को अव्वल ठरला, तर १९४९ मध्ये ब्राझीलने दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद पटकावले. या दोन्ही यशांत त्यांचा वाटा मोठा होता. हातमोजे न घालता गोलरक्षण करणे ही त्यांची ख्याती होती.

१९५० चा विश्वचषक ब्राझीलमध्येच झाला. पात्र ठरूनही भारताने माघार घेतली, ती हीच स्पर्धा. विजेता चार संघांच्या अंतिम साखळीतून ठरणार होता. स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे नमवणाऱ्या ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. १६ जुलै रोजी माराकाना मैदानावर सुमारे दोन लाख प्रेक्षक जमले होते. फ्रियासाने ४७ व्या मिनिटाला ब्राझीलला आघाडी मिळवून दिली. ६६ व्या मिनिटाला उजव्या बगलेतून घिज्जियाने दिलेल्या पासवर स्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९ व्या मिनिटाला घिज्जिया पुन्हा त्याच बाजूने पुढे सरसावला. या वेळीही पास येईल, या अंदाजाने बार्बोसा किंचित पुढे सरकले. घिज्जियाने मात्र गोलरक्षक आणि जवळचा खांब यांमधील मोकळ्या जागेतून चेंडू थेट जाळ्यात धाडला. ब्राझील १-२ असा पराभूत झाला.

बार्बोसा यांचा अंदाज अनाठायी नव्हता; पहिला गोल तसाच झाला होता. तरीही पराभवाचे खापर त्यांच्यासह बिगोदे आणि जुवेनाल या बचावपटूंवर फोडण्यात आले. हे तिघेही कृष्णवर्णीय होते. कृष्णवर्णीय खेळाडू गोलरक्षणास योग्य नाही, हा पूर्वग्रह त्यानंतर दीर्घकाळ टिकला. विश्वचषकात पहिल्या पसंतीचा कृष्णवर्णीय गोलरक्षक ब्राझीलला पुन्हा लाभला तो २००६ मध्ये, दिदाच्या रूपाने.

बार्बोसा १९५३ मध्ये ब्राझीलकडून आणखी एकच सामना खेळले. क्लब फुटबॉलमध्ये मात्र ते १९६२ पर्यंत कार्यरत राहिले. निवृत्तीनंतर उदरनिर्वाहासाठी त्यांनी अनेक वर्षे माराकाना मैदानावरच नोकरी केली. ज्या गोलखांबांपाशी त्यांचे नशीब फिरले, त्यांच्याच सावलीत त्यांचे दिवस गेले. १९९३ मध्ये ते राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात खेळाडूंना भेटावयास गेले असता, अपशकुन होईल या भीतीने त्यांना प्रवेश नाकारण्यात आला.

ब्राझीलच्या कायद्यात तेव्हा तुरुंगवासाची कमाल मर्यादा ३० वर्षे होती. कोणताही गुन्हा न करता बार्बोसा यांनी जवळपास ५० वर्षे शिक्षा भोगली. ७ एप्रिल २००० रोजी प्राया ग्रांदे येथे वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.