एक कारकून आणि तीन शिपाई

विद्यार्थी मित्रांनो,

विज्ञान प्रदर्शनीसाठी चार-चार जणांचे गट पाडले की दरवर्षी कोणीतरी विचारतोच, सर, मी एकट्याने केले तर चालेल का? शास्त्रज्ञ तर एकटेच काम करतात ना? याचे उत्तर आज एका थोर शास्त्रज्ञाच्या जीवनातून पाहू.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा शहरात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. सरकारने हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशी जागा मिळाली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हीसुद्धा त्यांनी आधी स्वतःलाच टोचली.

इथपर्यंत ही एकट्या माणसाची गोष्ट वाटते. पण एकाला टोचून लस सिद्ध होत नाही. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथले कैदी स्वखुशीने पुढे आले. लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना झाली, तेव्हा लसीचा गुण दिसला. आगाखान यांनी आपल्या समाजात तिचा प्रसार केला. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. लस बनविणारे, बाटल्या भरणारे, गावोगाव टोचणारे असे अनेक हात कामाला लागले.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सारा दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केले गेले. पुढे तपासात आढळले की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, पण उमेदीची पाच वर्षे गेली ती गेलीच. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

मुलांनो, कल्पना एकाच्या डोक्यात येते, पण ती लोकांपर्यंत पोहोचते अनेकांच्या हातांनी. त्यातला एक हात चुकला तर १९ घरे उजाडतात, आणि शिक्षा भलत्यालाच होते. म्हणून यंदा प्रत्येक गटाने तक्त्यावर चारही नावे लिहावीत आणि कोणी कोणते काम केले तेही लिहावे. परीक्षानळ्या धुणाऱ्याचे नाव विसरू नका. ते काम लहान नाही.

तुमचा,
प्राचार्य