सॅचेल पेज

लेरॉय रॉबर्ट "सॅचेल" पेज (७ जुलै, १९०६:मोबील, अलाबामा – ८ जून, १९८२:कॅन्सस सिटी, मिसूरी) हे अमेरिकन बेसबॉलपटू होते. ते उजव्या हाताने चेंडू टाकणारे पिचर होते. बेसबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ पिचरांमध्ये त्यांची गणना होते. वर्णभेदामुळे वयाच्या ४२व्या वर्षापर्यंत त्यांना मेजर लीगमध्ये प्रवेश मिळाला नाही.

सुरुवातीचे जीवन

पेज यांचा जन्म गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. लहानपणी ते रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या पिशव्या वाहत. त्यावरून त्यांना "सॅचेल" हे नाव पडले असे सांगितले जाते. किरकोळ चोरीबद्दल १९१८ मध्ये त्यांना माउंट मेग्स येथील सुधारगृहात पाठविण्यात आले. तेथील सुमारे पाच वर्षांत त्यांनी चेंडू टाकण्याचे शिक्षण घेतले.

निग्रो लीग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मेजर लीगचे संघ कृष्णवर्णीयांना खेळवत नसत. त्यामुळे अशा खेळाडूंचे स्वतंत्र संघ व स्पर्धा होत्या. पेज यांनी १९२६ मध्ये चॅटनूगा येथून व्यावसायिक कारकीर्द सुरू केली. पुढे ते बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडून खेळले. १९३७ मध्ये ते डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियो यांच्या नावाच्या संघात होते. १९३८ मध्ये मेक्सिकोत खेळताना त्यांचा हात दुखावला व कारकीर्द संपल्यासारखी वाटली. परंतु कॅन्सस सिटी मोनार्क्सकडे ते पुन्हा उभे राहिले. १९४२ मध्ये या संघाने निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. प्रदर्शनीय सामन्यांत ते डिझी डीन, बॉब फेलर अशा मेजर लीगमधील नामवंत पिचरांविरुद्धही खेळले.

१९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने वर्णबंदी मोडण्यासाठी मोनार्क्समधूनच खेळाडू निवडला, तो मात्र पेज यांच्याहून १२ वर्षांनी लहान असलेला जॅकी रॉबिन्सन होता.

मेजर लीग

७ जुलै, १९४८ रोजी, आपल्या ४२व्या वाढदिवशी, पेज यांनी क्लीव्हलँड इंडियन्सशी करार केला. ते अमेरिकन लीगमधील पहिले कृष्णवर्णीय पिचर ठरले. २० ऑगस्टच्या सामन्यात ७८ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांनी शिकागो व्हाइट सॉक्सला एकही धाव करू दिली नाही. त्या मोसमात त्यांच्या नावे ६ विजय व १ पराभव होता. क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीजही जिंकली. सेंट लुईस ब्राउन्सकडून खेळताना १९५२ व १९५३ मध्ये त्यांची ऑल-स्टार संघात निवड झाली. २५ सप्टेंबर, १९६५ रोजी, ५९व्या वर्षी, त्यांनी कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सतर्फे बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध तीन डावांत एकही धाव दिली नाही. मेजर लीगमध्ये खेळलेले ते सर्वांत वयस्कर खेळाडू होत.

सन्मान

१९७१ मध्ये बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. निग्रो लीगमधील खेळाडूंना तेथे वेगळे दालन देण्याचा बेत टीकेनंतर सोडून देण्यात आला व पेज यांना इतरांच्या बरोबरीचे स्थान मिळाले.

अनेक वर्षे मेजर लीगच्या नोंदींत त्यांच्या नावे २८ विजय व ३१ पराभव एवढेच होते. हे आकडे त्यांच्या बेचाळिशीनंतरचे आहेत. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ दरम्यानच्या सात निग्रो लीगांना मेजर लीगचा दर्जा देण्यात आला.